बाबूंचा आजार

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

माझे थोरले मामा १९६१ साली माण तालुक्यातली आपली वाडी सोडून मुंबईला आले आणि ओळखीपाळखीनं परळच्या एका कापड गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटले. पुढं साचेखात्यात कायम झाले. दिवसपाळी असो की रातपाळी, आठ तास उभं राहून काम. साच्यांच्या रांगांमधून येरझारा घालायच्या, तुटलेला धागा जोडायचा, पुन्हा पुढं. हातापायांच्या काड्या, छाती आत गेलेली आणि पोट मात्र किंचित पुढं आलेलं, अशी त्यांची मूर्ती होती. आई त्यांना चिडवायची, "दादा, तुझ्या अंगात सगळं मिळून पोटच काय ते आहे." मामा हसायचे.

१९८२चा संप झाला, गिरणी सुटली. वर्षभर मामांनी मिळेल ते केलं आणि मग उपनगरातल्या एका इमारतीत रात्रीचे वॉचमन झाले. खुर्ची, काठी, टॉर्च आणि रात्रभर चहा. तीनचार वर्षांत त्यांना सारखी तहान लागायला लागली. रात्री पाचसहा वेळा उठावं लागे. वजन उतरलं. जवळच्या डॉक्टरांनी उष्णतेचं औषध दिलं. मामांच्या शेजाऱ्यानं एकदा साखरेची शंका काढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमच्या अंगावर चरबी आहे कुठं? साखर हा बसून खाणाऱ्यांचा आजार." मामांनाही ते पटलं. "साखर व्हायला आधी साखर खायला मिळायला पाहिजे की," असं ते आम्हाला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. पुढं चपलेनं पायाला जखम झाली, ती महिनोन्‌महिने भरेना. मोठ्या रुग्णालयात नेलं तेव्हा लघवी तपासली. निळं द्रावण तापवल्यावर विटेसारखं लाल झालं. पायाची दोन बोटं काढावी लागली.

मी इतिहासाचा मास्तर, वैद्यकाचा नव्हे. पण त्या डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. ते वाईट डॉक्टर नव्हते. त्यांना जे शिकवलं गेलं होतं, तेच ते बोलले. मग प्रश्न असा, की हे त्यांना शिकवलं कुणी? मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा, सुखवस्तूंचा, शहरी बाबूंचा आजार आहे ही समजूत आपल्याकडे आली कुठून? तिचा माग काढताना मी आधी पोचलो तो कलकत्त्याला.

साल १९०७. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन इंग्लंडमध्ये एक्झेटर इथं भरलं होतं. तिथं 'उष्ण कटिबंधातील मधुमेह' या विषयावर एक मोठी चर्चा झाली. हिंदुस्थानात नोकरी केलेले सर हॅवलॉक चार्ल्स यांच्यासारखे गोरे डॉक्टर त्यात होते आणि कलकत्त्याचे नामांकित डॉक्टर रायबहादूर कैलासचंद्र बोस यांचं निवेदनही होतं. साऱ्यांचा सूर साधारण एकच. बंगालमध्ये हा आजार फैलावतो आहे आणि तो होतो आहे वकिलांना, न्यायाधीशांना, जमीनदारांना, कचेरीतल्या मोठ्या हुद्देदारांना. कारणं कोणती? बैठं काम, डोक्याला ताण, भात आणि मिठाई, व्यायामाचा कंटाळा. इंग्लंडातल्या उमरावांना जसा गाउट, तसा हिंदी उच्चवर्गाला मधुमेह, अशी तुलनाही त्या काळात केली जाई. तिच्यात थोडी चिंता होती, थोडा टोमणा होता आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. बुद्धीचं काम करणाऱ्यांचा आजार म्हणजे जणू एक प्रतिष्ठाच.

या डॉक्टरांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक सवय लागते. कागद समोर आला की आधी विचारायचं, हा कागद कुणाबद्दल आहे आणि कुणाबद्दल नाही? १९०७ साली लघवी तपासून घ्यायची म्हणजे डॉक्टरकडे जायला हवं, त्याची फी द्यायला हवी. गोदीतला हमाल, तागाच्या गिरणीतला मजूर अशक्त होऊन गावी गेला आणि तिथंच संपला, तर त्याच्या मृत्यूची नोंद 'ताप' किंवा 'क्षीणता' अशीच व्हायची. ज्यांची लघवी तपासली जात होती त्यांच्यातच साखर सापडत होती. न तपासलेल्यांच्यात ती किती होती हे कोणी पाहिलंच नव्हतं. गरीब माणसांत त्या काळी मधुमेह कमी असेलही. राबणं होतं, पोटाला चिमटा होता. पण 'कमी दिसला' याचं 'होतच नाही' असं झालं आणि ते पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं.

आपल्याकडचं सर्वांना ठाऊक असलेलं नाव घ्यायचं तर लोकमान्य टिळकांचं. टिळकांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ या मंडालेच्या कारावासात त्यांनी आहार पालटून तो आटोक्यात ठेवला. इन्शुलिनचा शोध अजून लागायचा होता. माणसाला पहिलं इन्शुलिन टोचलं गेलं ते जानेवारी १९२२मध्ये, टोरांटोला. तोवर पथ्य हाच काय तो उपाय. कॉलेजात असताना एक अख्खं वर्ष व्यायामात घालवून शरीर कमावलेला हा माणूस. पण लोकांच्या मनात उरलं ते एवढंच, की थोर बुद्धिमंतांना, लिहित्यावाचत्या माणसांना हा आजार होतो.

गंमत म्हणजे आपल्याच जुन्या ग्रंथांत चित्र याहून पूर्ण होतं. चरक-सुश्रुतांना गोड लघवी ठाऊक होती, तिच्याकडं मुंग्या धावतात हे त्यांनी नोंदलं आहे. बसण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ ही चरकांनी दिलेली कारणं आजच्या कुठल्याही दवाखान्याच्या भिंतीवर शोभतील. पण सुश्रुतांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी प्रमेहाचे रोगी दोन तऱ्हेचे सांगितले. एक जन्मजात दोषाचा आणि दुसरा अपथ्यानं झालेला. पहिला कृश, रुक्ष, कमी खाणारा, सतत तहानलेला. दुसरा स्थूल, खादाड, लोळण्याची आवड असलेला. आणि दोघांवरचे उपचार वेगवेगळे. इतकंच नाही, तर निर्धन रोग्यानं काय करावं हेही सांगितलं आहे. पायात जोडा नको, डोक्यावर छत्री नको, भिक्षा मागून खावं, एका गावात एकच रात्र राहावं आणि शंभर योजनं चालत जावं. नाहीतर विहीर खणावी. म्हणजे पैसे नसलेल्या माणसालाही हा रोग होतो हे त्या वैद्याला माहीत होतं! त्या कृश रोग्यात आजच्या भाषेतले निरनिराळे प्रकार एकत्र झाले असणार, जुन्या ग्रंथांत आजचं सगळं शोधू नये हे मला कळतं. पण बारीक माणसाकडं बघून 'तुला कसली साखर' असं सुश्रुतांनी म्हटलं नसतं, एवढं नक्की.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ देशाचं लक्ष देवी, हिवताप, क्षय यांच्याकडं होतं आणि ते योग्यच होतं. मधुमेहाची देशभर पद्धतशीर पाहणी पहिल्यांदा केली ती भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं, १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात. शहरांत शंभरातल्या साधारण दोघांना, खेड्यांत दीड जणाला मधुमेह आढळला. चिंतेचं काही नाही असंच कुणालाही वाटलं असतं. मग चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या शहरात दर काही वर्षांनी मोजणी सुरू केली. १९८९च्या सुमारास आठ टक्क्यांवर, १९९५ साली ११.६, २००० साली १३.५ टक्के. त्याच २००० सालच्या सहा महानगरांच्या पाहणीत हैदराबादला १६.६ टक्के निघाले, मुंबईत ९.३, सरासरी १२.१. पद्धती आणि वयोगट वेगवेगळे असल्यामुळं १९७०चे आणि २०००चे आकडे शेजारी ठेवून सरळ भागाकार करणं बरोबर नाही, पण दिशा कुणालाही दिसेल. एका पिढीत हे झालं. या आकड्यांमध्ये फक्त वकील आणि न्यायाधीश असणं शक्य नव्हतं. तेवढे वकील या देशात नाहीत.

मग कारण काय? परदेशातल्या भारतीयांमध्येही हेच दिसत होतं. लंडनच्या साउथॉल भागात १९८०च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा तिथल्या आशियाई लोकांत मधुमेह गोऱ्या शेजाऱ्यांच्या जवळजवळ चौपट निघाला. साहजिकच बोट गेलं ते रक्ताकडं, वंशाकडं. अमेरिकी संशोधक जेम्स नील यांनी १९६२ सालीच एक कल्पना मांडली होती. दुष्काळामागून दुष्काळ सोसलेल्या समाजांत काटकसरी जनुकं टिकून राहिली. खायला मिळेल तेव्हा साठवून ठेवायचं हा त्यांचा गुण. सुकाळात तोच गुण उलटतो. कल्पना सुबक आहे. पण जनुकं वीस-पंचवीस वर्षांत बदलत नाहीत. चेन्नईतल्या माणसाची जनुकं १९८९ साली जी होती तीच २००० सालीही होती. घराण्यात मधुमेह असेल तर धोका वाढतो हे खरंच. आईवडील दोघांना असेल तर आणखी वाढतो. पण त्यानं वाढीचा वेग समजत नाही.

या कोड्याचं एक महत्त्वाचं उत्तर पुढं आलं ते आपल्या पुण्यातून, आणि त्याच्या मागं इंग्लंडमधली काही जुनी दप्तरं आहेत. हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वह्यांमध्ये टिपून ठेवत होत्या. हेतू साधा, की बाळं दगावू नयेत. डेव्हिड बार्कर या संशोधकाच्या हाती त्या वह्या लागल्या. त्यातली बाळं आता म्हातारी झाली होती. त्यांना शोधून तपासलं तर १९९१ साली दिसलं ते असं, की जन्मताना जी हलकी होती, त्यांच्यात साठीत साखरेचा बिघाड अधिक. पुढच्याच वर्षी हेल्स आणि बार्कर यांनी मांडलं, की काटकसर जनुकांत नसेल, गर्भाशयात शिकली जात असेल. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की गर्भ मेंदू वाचवतो आणि स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांच्यावरचा खर्च कमी करतो. दप्तरात राबणाऱ्या आम्हा मंडळींना अशी गोष्ट ऐकून फार बरं वाटतं. कुणी एका नर्सबाईनं ऐंशी वर्षांपूर्वी न कंटाळता लिहिलेला आकडा उपयोगाला आला!

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करत होते. त्यांच्यापुढं येणारे रोगी इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या रोग्यांसारखे नव्हते. दहा-वीस वर्षांनी तरुण आणि पुष्कळसे अंगानं बारीक. याज्ञिक आणि बार्कर यांची गाठ पडली आणि १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू झाला. लग्न झालेल्या बायकांना गरोदर राहण्याआधीपासून मोजायचं, मग गरोदरपणात, मग बाळाला जन्मल्यावर, आणि पुढं वर्षानुवर्षं. त्या आया सरासरी बेचाळीस किलोंच्या आसपास वजनाच्या होत्या. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी दोन किलो सातशे ग्रॅमच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. आठशे ग्रॅमचा फरक. पण हे आठशे ग्रॅम सगळीकडून सारखे कमी झालेले नव्हते. पुण्याच्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली. दिसायला किडकिडीत पण आतून चरबीचं असं हे बाळ. मला एकदम मामांचं पोट आठवलं.

याज्ञिकांनी ही गोष्ट मोठ्या मिश्कीलपणे जगापुढं ठेवली. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपला आणि आपले लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. उत्तम! पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. युडकिन मॅरेथॉन पळतात आणि आपला व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावणं, अशीही कबुली त्यांनी तिथं देऊन टाकली. स्वतःच्या शरीराचा असा पुरावा देणारे वैद्य विरळाच.

स्नायू कमी असल्यानं बिघडतं काय? आपण जेवलो की रक्तात साखर उतरते. इन्शुलिन ती उचलून बरीचशी स्नायूंच्या कोठारात भरतं. कोठार मोठं आणि रोज रिकामं होणारं असेल, तर काम सोपं. कोठार लहान असेल आणि बसून राहिल्यामुळं कधी रिकामंच होत नसेल, तर साखर रक्तात फिरत राहते. त्यात पोटाच्या आत, यकृताभोवती साठलेली चरबी इन्शुलिनला जुमानेनाशी करते. स्वादुपिंड जास्त जोर लावतं, आणि ते मुळात अर्धपोटी गर्भातलं असलं तर लवकर थकतं. माणूस आरशात मात्र बारीकच दिसतो.

म्हणजे धोका कशात आहे? नुसत्या मिठाईत नाही, आणि नुसत्या उपासमारीतही नाही. एकाच आयुष्यात एकीकडून दुसरीकडं येण्यात आहे. चीनमध्ये १९५९ ते ६१ भीषण दुष्काळ पडला. त्या काळात आईच्या पोटात असलेल्या माणसांना पुढं पन्नाशीजवळ तपासलं, तेव्हा दुष्काळाची झळ तीव्र होती तिथं साखरेचा बिघाड अधिक आढळला. आणि त्यातही ज्यांना पुढच्या आयुष्यात सुबत्ता आली, खाणं बदललं, त्यांच्यात आणखी अधिक. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यातल्या उपासमारीनंतर जन्मलेल्यांचीही गोष्ट अशीच. आता आपल्याकडं बघू. १९७२च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, सांगोला, बीड, उस्मानाबाद इथल्या बाया पोटुशी असताना खडी फोडत होत्या. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी आणि डोक्यावर ऊन. त्या वर्षी पोटात असलेली मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यातली कितीतरी पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबईत आहेत, रिक्षा चालवताहेत, काउंटरवर बसताहेत. माझ्या वर्गात ती मुलं होती. चीनच्या अभ्यासाचं निदान त्यांना जसंच्या तसं लावणं हा माझा तर्क झाला, सिद्ध गोष्ट नव्हे. पण त्यांच्यापैकी कुणी भेटला की मी त्याला साखर तपासलीस का, असं आधी विचारतो.

बाकी शहर काय काय करतं ते आपण सगळे जगतोच. तरी एकदोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. चहा आपल्या कामगारवर्गात आपोआप आला नाही, तो आणला गेला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चहाच्या मळेवाल्यांच्या संघटनेनं कापड गिरण्या, कारखाने, कोळशाच्या खाणी इथं चहाच्या टपऱ्या उभ्या करवल्या. मजुरांना चहाची सुट्टी द्या म्हणजे काम वाढेल, असं मालकांना पटवलं गेलं. चहा निरुपद्रवी आहे हो, पण आपण तो बासुंदीसारखा करून पितो. साच्यावर आठ तास उभ्या असलेल्या माणसाला तो पचत होता. तोच माणूस खुर्चीवर बसला आणि रातपाळीचा चहा तसाच राहिला, तर? रातपाळीचा स्वतःचाही धोका आहे. रात्री जागणाऱ्यांत मधुमेह अधिक होतो हे आता पुष्कळ देशांत दिसून आलं आहे. आणि हवा! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली-चेन्नईच्या अभ्यासात हवेतल्या सूक्ष्म कणांचाही मधुमेहाशी संबंध दिसला. १९०७च्या बाबूंच्या यादीत हे कारण नव्हतं.

मामांचा हिशोब मी या उजेडात पुन्हा मांडून पाहिला. जन्म कोरड्या मुलखात, आजी अर्धपोटी. वीस वर्षं गिरणीनं त्यांना चालतं ठेवलं. खानावळीतला भात, रस्सा, चहा सगळं त्या चालण्यात जिरत होतं. १९८२ साली संपानं त्यांचा पगार गेला हे सगळ्यांना दिसलं. चालणं गेलं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गिरणगावातली अशी किती माणसं वॉचमन, लिफ्टमन, टपरीवाले झाली आणि त्यांच्यातल्या किती जणांच्या साखरेचं निदान जखमेनंतर झालं, याची नोंद कुठल्याच दप्तरात मला सापडली नाही.

गरिबांना साखर होत नाही हे म्हणणं शेवटी आकड्यांनीच मोडलं. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६-९७मध्ये दोन वस्त्या तपासल्या, एक मध्यमवर्गीयांची आणि एक गरिबांची. मध्यमवर्गीयांत १२.४ टक्के, गरिबांत ६.५. बाबूंचा सिद्धान्त अजून उभा होता म्हणायचा. दहा वर्षांनी त्याच वस्त्या पुन्हा तपासल्या. मध्यमवर्गीय १५.४, गरीब १५.३. दहा वर्षांत अंतर पुसलं गेलं. फरक एवढाच, की मध्यमवर्गीय वस्तीनं मधल्या काळात स्वतः खटपट करून एक बाग उभारली होती आणि तिथले लोक फिरायला लागले होते. गरीब वस्तीत बागेला जागा कुठली? इन्शुलिन, डोळ्यांची तपासणी, पायाची काळजी हे सगळं ज्यांना परवडत नाही, त्यांच्याकडंच आजाराचा ओघ वळला. २०२३ साली देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले ते दहा कोटींहून अधिक मधुमेही सांगणारे. शहरांत १६.४ टक्के, खेड्यांत ८.९. आणि सर्वांत वरचा क्रमांक आपल्या शेजारच्या गोव्याचा, २६.४ टक्के, म्हणजे चारांत एक मोठा माणूस. खेड्यांना आता गाव म्हणावं की शहराचं अंगण, हाही प्रश्नच आहे. मोटारसायकल वाडीपर्यंत पोचली, बिस्किटाचा पुडा त्याआधीच पोचला होता.

करण्यासारखं काही आहे का? आहे. रामचंद्रन यांच्याच चमूनं, ज्यांची साखर सीमारेषेवर होती अशा लोकांचे गट करून तीन वर्षं पाहिलं. नुसता नेहमीचा सल्ला दिलेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना तेवढ्यात मधुमेह झाला. रोज भराभर चालायला आणि खाणं आवरायला लावून ज्यांचा पिच्छा पुरवला, त्यांच्यात तो ३९ टक्क्यांवर थांबला. चमत्कार नव्हे, पण शंभरांतली सोळा माणसं कमी नाहीत. आणि धोका ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. मोहन यांच्या गटानं २००५ साली चार प्रश्नांची एक गुणपत्रिका तयार केली. वय, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि आईवडिलांचा मधुमेह. शंभरपैकी साठ किंवा अधिक गुण पडले तर रक्त तपासा. यात एकदाच 'नापास' झालेलं बरं. वजनकाटा त्यात नाही, हे मला फार आवडलं. शिंप्याची टेप पुरते. पुरुषांची कमर नव्वद सेंटिमीटरच्या वर, बायकांची ऐंशीच्या वर गेली की गुण वाढायला लागतात. मामांची कमर कुणी मोजली असती तर!

पुण्याजवळच्या त्या सहा गावांत काम अजून थांबलेलं नाही. तिथल्या आयांमध्ये बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास होती. ज्या आयांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला न जुमानण्याची लक्षणं दिसली. पुणे शहरातल्या मध्यमवर्गीय पुरुषांत तर बी-१२ची कमतरता दहांतल्या आठांना निघाली, खेड्यापेक्षाही जास्त. आपल्या शाकाहाराचा हा भाग आपण कधी हिशोबात धरला नव्हता. १९९३नंतर जन्मलेली गावची ती किडकिडीत बाळं मोठी झाली तेव्हा, २०१२पासून, त्यांच्यातल्या मुलामुलींना लग्नाच्या आधीच बी-१२च्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली. गोळी त्यांच्यासाठी कमी आणि त्यांच्या व्हायच्या बाळांसाठी जास्त. त्या मुलींना आता मुलं झाली आहेत. आजीला मोजलं, आईला मोजलं, आता नातवंडांना मोजताहेत, आणि वजनं वह्यांमध्ये उतरवली जाताहेत.

मामा २००४ साली गेले. त्यांचं जन्माचं वजन कुठंही लिहिलेलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "सुपात मावला होता म्हणं दादा, आमची आई सांगायची."